वर्णनं ओलांडून पुढे जाणाऱ्यांसाठी: प्रतिमा, स्थळकाळ आणि संघर्ष वाचायचे कसे?

सायंतारा

मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळणारा प्रश्न विचारते. मी भरपूर वाचते, पण गोष्टीसाठी वाचते. पुढे काय झालं, कोण कोणाला काय म्हणालं, शेवट काय झाला. मध्ये डोंगर, संध्याकाळ, भिंतीचे पोपडे आले की डोळे आपोआप पुढच्या संवादाकडे सरकतात. आमच्या वाचनगटात एलकुंचवारांचं 'वाडा चिरेबंदी' हे नाटक वाचलं, तेव्हा मला घरातल्या माणसांची भांडणं दिसली आणि बाकी सगळे तासभर दारातल्या ट्रॅक्टरवर बोलत होते.

शाळेत हे तीन शब्द तीन वेगळ्या प्रश्नांत यायचे. प्रतिमा ओळखा, वातावरण सांगा, संघर्ष स्पष्ट करा. माझं मत हळूहळू असं होत चाललंय की हे तिन्ही एकमेकांपासून सोडवून काढले की तिन्ही निर्जीव होतात. पण हे उदाहरणांनिशी मांडायला मला जमत नाहीये. तुम्ही वाचताना नेमकं काय करता? वर्णन नुसतं पानावर बसलंय की काही काम करतंय, हे कसं ओळखता? आणि ज्यात खलनायक नाही, मोठं भांडण नाही, तिथे संघर्ष कुठे शोधायचा?

रानभूल

उत्तम धागा. जागा धरून ठेवते, रात्री निवांत लिहिते.

कोपरा

ट्रॅक्टरपासूनच सुरुवात करू. त्या घरात तात्याजी गेलेत. दिवसकार्याचा खर्च, वाटा, दागिने यांवरून माणसं एकमेकांना टोचताहेत. प्रत्येक वादाच्या तळाशी एकच गोष्ट आहे: एके काळी जी प्रतिष्ठा होती तिचं आता ओझं झालंय, ती वापरता येत नाही आणि टाकवतही नाही. आता दारातला ट्रॅक्टर बघा. हौसेनं घेतलेला, कोणी चालवत नाही, गंजतोय, येता-जाता माणसं त्याला अडखळतात, पण कोणी हलवत नाही.

ट्रॅक्टर मनातल्या मनात काढून टाका. कथानक तसंच उभं राहील, भांडणंही राहतील. पण मग कोणा तरी पात्राला प्रेक्षकांकडे तोंड करून म्हणावं लागेल, 'आपण जुन्या दिमाखाला धरून बसलोय.' ते वाक्य नाटकात म्हणावं लागत नाही, कारण ट्रॅक्टर तिथे आहे. मी वाचताना हीच परीक्षा लावतो. वस्तू काढली तर कोणतं वाक्य उघडपणे लिहावं लागेल? असं वाक्य सापडलं तर वस्तू कामाची. नाही सापडलं तर ती सजावट, आणि सजावटीलाही माझी हरकत नसते.

निवडुंग

कोपरा, लिहिलंय छान, पण मी विरोधी बाकावर बसतो. खोलीतला पडदा निळा असेल तर तो नायकाच्या नैराश्याचं प्रतीक, असं शिकवून शिकवून कित्येक पोरांना कवितेपासून पळवून लावलंय. कधी कधी पडदा निळा असतो, बस. जमीनदाराच्या घरासमोर ट्रॅक्टर असतो म्हणून नाटककाराने ठेवला असेल. अर्थ नंतर आपण चिकटवतो आणि मग आपल्याच हुशारीवर खूश होतो.

तळटीप

निवडुंग, निळ्या पडद्याचा मुद्दा मान्य. पण रंगभूमीवर 'असतोच' असं काहीच नसतं. जे तिथे आहे ते कोणी तरी ठरवून, उचलून आणून ठेवलेलं असतं. रशियन नाटककार चेखॉव्हने १८८९ मध्ये एका पत्रात लिहिलं होतं की कोणी झाडणार नसेल तर भरलेली बंदूक रंगमंचावर ठेवू नये.

मराठीत याचं माझं सर्वांत आवडतं उदाहरण म्हणजे तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे' या नाटकातला दाराचा बोल्ट. सुरुवातीलाच नायिका बेणारेच्या बोटाला त्या बोल्टानं लागतं. सामंत सांगतो की तो त्रासदायकच आहे, नीट सरकवला नाही तर माणूस आत अडकतं. आपण हसतो आणि विसरतो. पुढे गंमत म्हणून तिच्यावर मांडलेला खोटा खटला खरा होत जातो, बेणारे निघून जायला दारापाशी जाते आणि दार उघडत नाही. आता तो बोल्ट स्थळाचा भाग आहे, प्रतिमा आहे की संघर्ष? तिन्हींच्या रकान्यांत टाकता येतो. सायंताराताईंचं मत मला इथे शंभर टक्के पटतं.

निवडुंग

बोल्ट घेतला पदरात. तो घटनेत भाग घेतो, दार अडवतो, म्हणून पटतो. नाटकात जागा कमी, वेळ कमी, म्हणून प्रत्येक वस्तूला राबावं लागतं. कादंबरीचं काय? पानंच्या पानं माळरान, नदी, धुकं. तिथेही सगळं राबतं म्हणता?

चकवा

माळरान म्हणालात म्हणून. टॉमस हार्डीच्या 'द रिटर्न ऑफ द नेटिव्ह' (१८७८) या कादंबरीचं पहिलं प्रकरण पूर्णपणे एग्डन हीथ नावाच्या माळावर आहे. तिथे एकही पात्र येत नाही. पुष्कळ वाचक तिथेच पुस्तक मिटतात. पण पुढे काय होतं बघा. क्लिम पॅरिस सोडून मुद्दाम या माळावर परत येतो. युस्टेशियाला माळाचा तिटकारा आहे, तिला पॅरिस हवंय. दोघं लग्न करतात. म्हणजे नवराबायकोचं भांडण ज्या गोष्टीवरून होणार, ती गोष्ट लेखकाने दोघांच्याही आधी आपल्यासमोर आणून ठेवली. पहिलं प्रकरण ओलांडलं तर युस्टेशिया हट्टी वाटते. वाचलं तर तिची घुसमट कळते, कारण त्या माळावर आपणही जाऊन आलेलो असतो.

निशिगंध

थोडं अवांतर. नायिका रडली की आभाळ फाटतं आणि नायक परतला की फुलं डोलायला लागतात, याचा मला विलक्षण कंटाळा आहे. इंग्रज समीक्षक रस्किनने १८५६ मध्ये या सवयीला 'पॅथेटिक फॅलसी' असं नावच दिलं. निसर्गाला आपल्या भावना चिकटवायच्या आणि त्याला काव्य म्हणायचं. स्थळकाळाचा सगळ्यात आळशी वापर हाच.

चकवा

मग पावसावर बंदी घालायची का? निम्मं मराठी काव्य कोरडं पडेल.

रानभूल

बंदी नको! निशिगंध, तुझा राग समजतो, पण 'मेघदूत' आठव. यक्षाला वर्षभराचा शाप आहे, तो रामगिरीवर अडकलाय, बायको अलकेत. आषाढात ढग दिसतो. तो ढग त्याच्यासाठी रडत नाही. ढगाचं वेगळेपण एवढंच की तो जाऊ शकतो आणि यक्ष जाऊ शकत नाही. एक बांधलेला आणि एक मोकळा, हा सगळा पेच एका प्रतिमेत बसलाय. पुढे ढगाची वाट जितकी सुंदर होत जाते, नद्या, नगरं, पर्वत, तितका यक्ष आणखी अडकलेला वाटतो. म्हणजे प्रवासवर्णन हेच त्याच्या दुःखाचं मोजमाप आहे.

आणि रस्किनच्या आक्षेपाला कालिदासाने शेकडो वर्षं आधी, काव्याच्या सुरुवातीलाच उत्तर देऊन ठेवलंय. धूर, उजेड, पाणी आणि वारा यांचा गोळा असलेला ढग कुठे आणि निरोप पोचवणारा शहाणा जीव कुठे, असं तो स्वतःच म्हणतो. कामार्त माणसाला चेतन-अचेतनाचा भेद कळत नाही, हेही तिथेच सांगतो. चूक कवीची नाही, ती यक्षाची आहे, आणि ती चूकच त्याची अवस्था सांगते. कोणाच्या डोळ्यांतून निसर्ग दिसतोय हे कळलं की तक्रार मिटते.

निशिगंध

रानभूल, हे वाचून दोन मिनिटं गप्प बसले. मानलं.

जुनाट

सगळे इतक्या मनापासून बोलताय म्हणून थोडं मागे जातो. आपल्याकडच्या काव्यशास्त्रात स्थळकाळाला उद्दीपन विभाव म्हणत. चांदणं, उपवन, वारा हे भावनेला चेतवणारे घटक. ज्याच्याविषयी भावना आहे तो आलंबन विभाव. म्हणजे स्थळकाळ हा रसाच्या घडणीतलाच भाग मानला होता, बाहेरून लावलेला पडदा मानला नव्हता.

यापेक्षाही मोलाचं उदाहरण 'गाथासप्तशती'त आहे, महाराष्ट्री प्राकृतात. एका गाथेत एवढंच म्हटलंय: बघ, कमळाच्या पानावर बगळी कशी निश्चल, निःस्पंद शोभते आहे, जणू निर्मळ पाचूच्या ताटात ठेवलेला शंखाचा शिंपला. वर्णन संपलं. काव्यशास्त्रकार मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त हीच गाथा व्यंजनेसाठी, म्हणजे न सांगता सुचवलेल्या अर्थासाठी, घेतली. बगळी हलत नाही म्हणजे ती निर्धास्त आहे. निर्धास्त आहे म्हणजे इथे माणसांची ये-जा नाही. म्हणजे भेटायला ही जागा योग्य आहे. बोलणारी स्त्री प्रियकराला हे सुचवते आहे. याच गाथेचा दुसरा अर्थही लावतात: तू इथे आलो होतो म्हणतोस, पण आला असतास तर ही बगळी अशी बसून राहिली असती का? तू खोटं बोलतोयस.

एकच चित्र, एका अर्थाने आमंत्रण आणि दुसऱ्या अर्थाने भांडण. सायंताराताई, 'वर्णन काम करतंय का' या प्रश्नाला यापेक्षा जुनं आणि नेमकं उत्तर माझ्याकडे नाही. वर्णन वाचताना एवढं विचारायचं: हे कोण कोणाला सांगतंय आणि आत्ताच का सांगतंय?

तळटीप

जुनाट काका, दंडवत. दुसऱ्या अर्थाने तर अंगावर काटा आला. वाचनखूण साठवली.

कावड

काकांना जोड म्हणून. प्राचीन तमिळ संगम कवितेत हे आणखी पद्धतशीर आहे. पाच भूप्रदेश, त्यांना 'तिणै' म्हणतात, आणि प्रत्येकाला प्रेमाची एक अवस्था ठरलेली. कुरिंजी म्हणजे डोंगर, तिथे मीलन. मुल्लै म्हणजे रान, तिथे धीराने वाट बघणं. मरुतम म्हणजे शेतीचा प्रदेश, तिथे नवऱ्याचं बाहेरख्यालीपण आणि बायकोचा रुसवा. नेय्दल म्हणजे समुद्रकिनारा, तिथे झुरणं. पालै म्हणजे करपलेला प्रदेश, तिथे ताटातूट. कवीने नुसतं एका फुलाचं नाव घेतलं तरी श्रोत्याला कळायचं की आता कोणत्या अवस्थेविषयी बोलणं चाललंय. ए. के. रामानुजन यांनी १९६७ मध्ये या कवितांचा इंग्रजी अनुवाद केला, त्याचं नावच 'द इंटिरियर लँडस्केप'. मनाच्या आतला भूप्रदेश.

निवडुंग

कावड, हे ज्ञान घेतो, पण इथे माझी शंका आणखी घट्ट होते. संगम काळातल्या श्रोत्याला संकेत माहीत होते. गाथेच्या श्रोत्याला माहीत होते. आपल्याला आजच्या कवितेचे संकेत कोणी दिलेत? मर्ढेकरांच्या कवितेतले ओल्या पिंपात मेलेले उंदीर घ्या. दर माणशी वेगळा अर्थ. कोणी गिरणी कामगार म्हणतं, कोणी युद्धातली माणसं, कोणी शहरातलं यांत्रिक जगणं. मग यातला खरा कोणता?

कोपरा

उंदीर म्हणजे कोण, हा प्रश्नच मी पुढे ढकलतो. आधी उंदरांचं काय झालंय ते बघतो. ते मेलेत, मान कोणी मुरगळलेली नाही, तरीही माना पडल्यात. मारणारा दिसत नाही. जागा बंद आहे, ओली आहे, अंधारी आहे. ओठ ओठांना मिळतात तेही मरणात. हे सगळं आधी अंगावर घेतलं की मग गिरणी, युद्ध, शहर यांतलं काहीही बसवून बघता येतं. जे बसतं त्या सगळ्यांत एक गोष्ट सारखी असते: मारेकऱ्याविना झालेलं मरण. संघर्ष तिथे आहे. लढायला समोर कोणी नाही, हाच संघर्ष.

निवडुंग

हं. 'उंदीर म्हणजे कोण' ऐवजी 'उंदरांचं काय झालंय'. हा फरक मला आवडला. ठेवून घेतो.

सायंतारा

किती भरभरून लिहिताय सगळे! माझा एक प्रश्न अजून उरलाय. जिथे काहीच घडत नाही तिथलं काय? बालकवींची 'औदुंबर' घ्या. झरा, गाव, शेतं, पायवाट, डोह, झाड. यात संघर्ष आहे का, की मी उगाच शोधतेय?

पानगळ

'औदुंबर' माझा जीव की प्राण, म्हणून सविस्तर लिहितो. आठ ओळींची कविता. रंगांचा क्रम बघा. आधी दोन्ही तटांवर हिरवाळी, मग निळासावळा झरा, टेकडीकडे चार घरांचं चिमुकलं गाव, शेतमळ्यांची हिरवी गर्दी, त्यातून जाणारी पांढरी पायवाट, आणि ती पायवाट कुठे जाते? काळ्या डोहाकडे. नजर उजेडाकडून अंधाराकडे नेली जाते आणि नेणारी गोष्ट आहे पायवाट, म्हणजे माणसाच्या पावलांची खूण. अख्ख्या कवितेत एकही माणूस नाही. गाव मागे राहिलं. पायवाट तेवढी एकटी काळ्या पाण्याकडे चाललीय, तीसुद्धा सरळ नाही, अडवीतिडवी.

आणि डोहाशी पोचल्यावर भीती वाटायला हवी, तर कवी त्या काळिम्याला गोड म्हणतो. तिथे औदुंबर पाण्यात पाय टाकून निवांत बसलेला. जिथे वाट संपते, तिथे कोणी तरी शांत बसलंय. मला यात ओढ आणि भय यांची रस्सीखेच दिसते. हाच या कवितेतला संघर्ष.

निशिगंध

पानगळ, वाचन सुंदर आहे, पण मी इथे थांबते. ताण आणि संघर्ष एक नव्हेत. संघर्षाला दोन बाजू लागतात, दोन्हींना काही तरी हवं असावं लागतं. औदुंबराला काही नकोय, डोहाला काही नकोय. बघणाऱ्याला काय हवंय ते कवितेत सांगितलेलं नाही. याला संघर्ष म्हणायला लागलो तर जगातलं प्रत्येक चित्र संघर्ष होईल आणि त्या शब्दाला काही अर्थ उरणार नाही.

पानगळ

बघणाऱ्याला काय हवंय ते सांगितलेलं नाही, पण त्याची नजर कुठे थांबते ते सांगितलंय. गावावर थांबली नाही, शेतांवर थांबली नाही, डोहापाशी थांबली. नजरेने केलेली निवड मला पुरेशी वाटते.

निशिगंध

नजरेची निवड मान्य. तरी त्याला ताणच म्हणेन.

कावड

निशिगंधच्या बाजूने आणखी एक. चिनी आणि जपानी परंपरेत चार टप्प्यांची रचना आहे, जपानीत तिला 'किशोतेन्केत्सु' म्हणतात. ओळख, विस्तार, वळण, समेट. तिसऱ्या टप्प्यावर अचानक वेगळंच काही येतं आणि चौथ्यात ते आधीच्याशी जुळतं. कोणी कोणाशी लढत नाही, तरी गोष्ट पुढे जाते. प्रत्येक गोष्टीला संघर्ष हवाच, हा आग्रह नाटकाच्या पाश्चात्त्य विचारातून आपल्याकडे घट्ट बसला. 'औदुंबर' वाचायला मला हा चार टप्प्यांचा साचा जास्त सोयीचा वाटतो. डोह हे वळण, औदुंबर हा समेट.

जुनाट

दोघींचं ऐकून समाधान वाटलं. मात्र संघर्ष म्हणजे दोन बाजू, हे म्हणताना एक सांभाळा. एक बाजू बरोबर आणि दुसरी चूक असेल तर ती नुसती चकमक. सोफोक्लीसच्या 'अँटिगनी'त भावाला मूठमाती द्यायचा बहिणीचा हक्क आणि राज्याचा हुकूम समोरासमोर येतात. जर्मन तत्त्वज्ञ हेगेलने त्या नाटकाचं मोठेपण यातच पाहिलं की दोन्ही बाजूंना आपापल्या जागी न्याय आहे. आणि स्थळाने संघर्ष डोळ्यांसमोर उभा करण्याचं उदाहरण हवं तर गीतेचा पहिला अध्याय. अर्जुन रथ कुठे न्यायला सांगतो? दोन्ही सैन्यांच्या मध्ये. मन दुभंगायच्या आधी रथ दोन बाजूंच्या मधोमध उभा आहे. आणि आपल्या तुकोबांनी तर रात्रंदिन चाललेल्या युद्धाचं रणांगण एका ओळीत सांगून टाकलं, अंतर्बाह्य जग आणि मन.

चकवा

खलनायक नसलेल्या संघर्षासाठी 'बनगरवाडी' सुचवतो. माडगूळकरांनी १९५५ साली पुस्तकरूपात आणली. तरुण मास्तर धनगरांच्या वाडीवर शाळा चालवायला येतो. गैरसमज होतात, रुसवे होतात, सगळं माणसांमाणसांतलं आणि मिटण्यासारखं. आपण समजतो गोष्ट मास्तर आणि गाव यांची आहे. मग पाऊस दडी मारतो. मेंढरं मरायला लागतात, माणसं वाडी सोडून निघतात. जी जागा आतापर्यंत मागे पसरलेली होती तीच पुढे येऊन सगळ्यांना उठवते. आणि तिच्यावर राग धरता येत नाही.

त्यात एक प्रसंग आहे. शेकूकडे दुसरा बैल नाही, आणि त्याची बायको स्वतः जू खांद्यावर घेते. लेखक त्यावर भाष्य करत बसत नाही. निवडुंग, तुम्ही मघाशी बोल्टाला 'घटनेत भाग घेतो' म्हणून पास केलंत. इथे घटना हीच प्रतिमा आहे, दोन्हींत बोटभर अंतर नाही.

रानभूल

बोलणं खूप झालं, आता हात चालवूया. जॉन गार्डनरच्या 'द आर्ट ऑफ फिक्शन' (१९८३) मध्ये एक प्रसिद्ध सराव आहे. ज्याचा मुलगा नुकताच युद्धात मारला गेलाय अशा माणसाच्या नजरेतून एक कोठार रंगवा. मुलगा, युद्ध, मृत्यू यांचा उल्लेख करायचा नाही. मग तेच कोठार, तीच वेळ, सुखात असलेल्या प्रेमिकाच्या नजरेतून. प्रेमाचा उल्लेख नाही.

कोठाराऐवजी आपण जिना घेऊ. पहिला भाग मी लिहिते, ज्याचं लहान मूल गेलंय त्याच्या नजरेतून:

'कठडा मधेच गुळगुळीत झालाय, कमरेच्या खाली, एका पट्ट्यात. वर, मोठ्यांचे हात लागतात तिथे, रंग अजून जागेवर आहे. तिसऱ्या पायरीचा कोपरा तुटलेला. तिथे पाऊल आपोआप हळू पडलं, हात मागे गेला, मोकळा राहिला. आता इथून सावकाश उतरायची गरज नव्हती.'

कोपरा

रानभूल, शेवटचं वाक्य काढा. हात मागे गेला आणि मोकळा राहिला, तिथेच सगळं झालं. पुढचं वाक्य वाचकाचा हात धरून त्याला समजावून सांगतंय.

रानभूल

काढलं! खरंच बरं झालं. आणि तुमचीच परीक्षा उलटी लागली की. वस्तू असताना वाक्य लिहिलं.

निवडुंग

प्रेमिकाचा जिना मी घेतो.

'जिन्यात अंधार आहे, पण पायऱ्या पायांना पाठ आहेत. कठड्यावरून बोट फिरवत वर गेलं की लाकूड खालपासून वरपर्यंत एकच सूर धरतं. तुटक्या पायरीवरून उडी. वरच्या दाराखालून उजेडाची पट्टी आलीय, शेवटच्या पायरीपर्यंत.'

सायंतारा

निवडुंग!! विरोधी बाकावरून इतकं सुंदर? तीच तुटकी पायरी, एकाला थांबवते आणि दुसऱ्याला उडी मारायला लावते. मला जे म्हणायचं होतं ते तुमच्या दोघांच्या या दोन जिन्यांत आलं.

निशिगंध

दुसरा जिना सुरेख आहे, पण त्यात काही अडत नाही. सगळं हवं तसं आहे. त्याला काही तरी हवंय आणि ते मिळणारच आहे, म्हणून तो परिच्छेद पुढे सरकू शकत नाही. चित्र म्हणून मी त्याच्यावर प्रेम करेन, पण कथेची सुरुवात म्हणून नाही.

तळटीप

एकच बदल करा. तो शेवटून दुसऱ्या पायरीवर असताना पट्टी विझते.

निशिगंध

झाली कथा सुरू.

निवडुंग

तळटीप, एका ओळीत अख्खं चित्र फिरवलंत. दिवा कोणी घालवला, मुद्दाम घालवला का, पावलं ऐकून घालवला का, सगळे प्रश्न एकदम उभे राहिले. आणि आता मागचा अंधारसुद्धा बदलला. आधी तो सवयीचा होता, आता तो अडचणीचा आहे. एक शब्द न बदलता पहिलं वाक्य वेगळं वाचलं गेलं. निळा पडदा मात्र अजूनही निळाच असू शकतो, तेवढा माझा हट्ट ठेवतो.

कोपरा

ठेवा, धाग्याला तो लागतोच. लेखकाने ज्या वस्तूकडे परत परत जाऊन बघितलंय, किंवा जिच्यावर कोणा पात्राची नजर गरजेपेक्षा जास्त रेंगाळलीय, तिथेच थांबायचं. एकदा उल्लेख करून सोडून दिलेला पडदा आपणही सोडून द्यावा.

सायंतारा

मग कंटाळवाणं वर्णन ओलांडायचं की नाही, याचं उत्तर द्या कोणी तरी. हार्डीचं पुस्तक मी परवा उघडलं आणि माळावर अडकलेय.

चकवा

ताई, निर्धास्त ओलांडा. युस्टेशिया माळाला कंटाळलेली दिसली की तिथे खूण ठेवून पहिल्या प्रकरणाकडे परत या. तेव्हा तुमच्याकडे विचारायला प्रश्न असेल, तिला इथे नेमकं काय टोचतंय. मग तीच पानं तुम्ही स्वतः होऊन सावकाश वाचाल. मीही ती तशीच वाचली.

सायंतारा

हे जमेल. आणि वाचनगटाच्या पुढच्या बैठकीला काकांची बगळीची गाथा नेते आहे. दुसरा अर्थ आधी सांगणार नाही.

जुनाट

न सांगताच वाचा. निम्मी मंडळी आमंत्रण वाचतील आणि निम्मी भांडण. काय काय निघालं ते इथे नक्की कळवा, मी वाट बघतो.